डाव्या पायाचा क्लच, डाव्या हाताचा गिअर

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या डाव्या पायाला क्लच शिकवावा लागत नाही. ट्रॅक्टर स्वतःचा असो वा भाड्याचा, पेरणीच्या घाईत तो पाय कधी ना कधी त्या पेडलवर पडलेलाच असतो. मेहकर किंवा मलकापूर आगारातला एस.टी.चा ड्रायव्हर, कापसाच्या गाठी भरून खामगावहून निघालेला ट्रकवाला, शेगावच्या फेऱ्या करणारा काळी-पिवळीवाला, या सगळ्यांचं अंग एकाच हिशेबाने चालतं: डाव्या पायात क्लच, डाव्या हातात गिअर, उजव्या हातात स्टिअरिंग. तीच माणसं संध्याकाळी मोटारसायकलवर बसतात तेव्हा क्लच डाव्या हातात येतो आणि गिअर पायाखाली जातो. ही अदलाबदल एवढी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

काही मोटारसायकलींचाही एके काळी मोटारीसारखाच हिशेब होता. पायाने क्लच आणि टाकीशेजारच्या दांड्याने गिअर, अशा गाड्या कित्येक वर्षं चालल्या. आज जुन्या गाड्यांची आवड असलेल्यांना ती रचना पुन्हा खुणावू लागली आहे. घरात वडिलांची बुलेट किंवा काकांची जावा झाकून ठेवलेली असते. ती बाहेर काढायची, रंग करायचा, आणि करतोच आहोत तर पायाचा क्लच, हाताचा गिअर बसवून घ्यायचा, असा विचार तरुण मुलांच्या डोक्यात येतो. मला ही ओढ कळते, पण तिच्यापायी जुन्या बुलेटची चौकट कापली जाऊ नये असं मला तळमळीने वाटतं. त्यामागचं कारण यंत्रातच आहे, म्हणून आधी यंत्राकडे वळू.

ही रचना शिकायची तर हार्ले-डेव्हिडसनच्या डब्ल्यूएलए या गाडीपाशी जावं लागतं. हार्लेने तीन गिअरचा गिअरबॉक्स १९१५ मध्ये आणला. टाकीच्या डाव्या अंगाला गिअरचा दांडा आणि डाव्या पायाखाली क्लच ही तिची मांडणी पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेसाठी हीच मांडणी ठेवून डब्ल्यूएलए बनली. सुमारे ७४० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, तीन गिअर, आणि कॅनडाच्या फौजेसाठी केलेल्या गाड्या धरून एकूण सुमारे ९० हजार नग. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीसाठी अमेरिकन फौज भारतात आली, तिच्याबरोबर या गाड्याही आल्या आणि युद्ध संपल्यावर बऱ्याच इथेच राहिल्या. फाळणीनंतर दिल्लीत लोकांनी त्यांना मागे प्रवाशांची पेटी जोडून तीनचाकी केलं. चांदणी चौकाच्या बाजूने धावणारी ती फटफट सेवा १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. पायाच्या क्लचची मोटारसायकल आपल्या देशात पोट भरायला एवढा काळ राबली, हे आज ती रचना निव्वळ शोभेची समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

डब्ल्यूएलएवर बसलं की आधी हात फसतात. डाव्या मुठीजवळ लिव्हर दिसते. आपण सवयीने तिला क्लच समजतो, पण ती असते पुढच्या चाकाचा ब्रेक. गिअर टाकायच्या इराद्याने ती दाबली तर चालत्या गाडीचं पुढचं चाक आवळलं जातं. डावी मूठ फिरवली तर इंजिनचं टायमिंग पुढेमागे होतं. उजव्या मुठीत थ्रॉटल असतो, पण आजच्यासारखा सोडला की मिटणारा नसतो. जिथे ठेवाल तिथे तो राहतो. मागचा ब्रेक उजव्या पायाला असतो, तेवढीच काय ती ओळखीची गोष्ट.

डाव्या पायाखाली मधोमध खिळीवर झुलणारी पट्टी असते. टाच दाबली की क्लच सुटतो, म्हणजे इंजिन चाकापासून वेगळं होतं. बोटांकडचा भाग दाबला की क्लच लागतो आणि गाडी निघते. पट्टीच्या खिळीपाशी घर्षणाच्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे पाय काढला तरी पट्टी सोडली तिथेच थांबते. सगळं मर्म या चकत्यांत आहे. चौकात थांबलात, टाच दाबून क्लच सोडला, की दोन्ही पाय खुशाल जमिनीवर टेकवा. गिअर पडलेला असला तरी गाडी जागची हलत नाही. अमेरिकेच्या पोलिसांना ही रचना फार सोयीची होती. हार्लेने पायाच्या गिअरची गाडी १९५२ मध्ये आणली, तरी तीनचाकी सर्व्ही-कारला हाताचा गिअर ती १९७३ मध्ये बंद होईपर्यंत ठेवला.

आता आपल्या ट्रॅक्टरवाल्याला या गाडीवर बसवा. दांड्याशी त्याचा डावा हात लगेच जुळेल. जुन्या लेफ्ट-हँड जीपा सोडल्या तर आपल्याकडच्या मोटारींत डावा पाय आणि डावा हात मिळूनच गिअर बदलतात, आणि हार्लेतही नेमकं तेच असतं. अमेरिकन माणूस मोटारीत गिअर उजव्या हाताने बदलतो. म्हणजे त्यांच्याच गाडीसाठी त्यांच्यापेक्षा आपलं अंग जास्त तयार आहे. पण धोकाही याच ओळखीत आहे. ट्रॅक्टरचा क्लच पुढे दाबला की सुटतो. हार्लेचा पुढे दाबला की लागतो. समोर अचानक बैलगाडी आली, घाबरून डावा पाय पुढे दाबला, तर ट्रॅक्टर थांबेल आणि हार्ले पुढे झेपावेल. वर्षानुवर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला ही गाडी हातात देताना एवढी एक गोष्ट दहा वेळा सांगावी.

या रचनेचा एक अवतार वेगळाच जीवघेणा आहे. त्यात घर्षणाच्या चकत्या नसतात. मोटारीसारखा स्प्रिंगने परत येणारा पेडल असतो आणि गिअरचा दांडा टाकीपाशी येण्याऐवजी थेट गिअरबॉक्सवर, सीटखाली मांडीच्या मागे उभा असतो. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी त्या क्लचला आत्महत्येचा क्लच असंच नाव दिलं. गिअर पडलेला असताना पाय काढला की गाडी उडी मारते. म्हणजे थांबल्यावर डावा पाय क्लचवर अडकतो, उजवा ब्रेकवर अडकतो, आणि जमिनीवर टेकायला पाय उरत नाही. चित्रांत आणि व्हिडिओंत जी रचना देखणी दिसते ती बहुतेक वेळा हीच असते.

बुलढाण्याचा राजूर घाट ज्याने चढला आहे त्याला यापुढचं सांगायची गरज नाही. मोताळ्याकडून बुलढाण्याकडे वर येताना वळणावर पुढचा भरलेला ट्रक थांबतो, मागे एस.टी. उभी राहते, आणि आपण चढावर मधल्या मधे अडकतो. आजच्या गाडीवर उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर आणि क्लच हातात, एवढ्यावर भागतं. डब्ल्यूएलएवर चढावरून निघायचं तर डाव्या पायाला क्लचवर यावंच लागतं. मग उजवा पाय ब्रेकवरून काढून जमिनीवर टेकवायचा, डाव्या हाताने पुढचा ब्रेक धरून ठेवायचा, उजव्या हाताने थ्रॉटल थोडा वाढवायचा, आणि डाव्या पायाची बोटं हळूहळू दाबत इंजिन ओढू लागल्याची जाणीव झाली की ब्रेक सोडायचा. पहिला गिअर हे सगळं सुरू करण्याआधी टाकून ठेवायचा, कारण नंतर डावा हात मोकळा नसतो. गाडीचं वजन सुमारे २४५ किलो, आणि त्या काळचा पुढचा ब्रेक आजच्या मानाने अशक्त. सराव असेल तर हे जमतं. फौजेच्या शिपायांना जमलं, दिल्लीच्या फटफटवाल्यांना सवाऱ्या घेऊन जमलं. पण ज्याने गाडी नवरात्रात बदलून घेतली आणि दिवाळीला घाटात काढली, त्याला जमणार नाही.

हार्ले आपल्याकडे दुर्मीळ. ज्यांना हा बदल करायचा असतो त्यांच्या हाताशी असते ती बुलेट. ब्रिटनमध्ये आखलेली ही गाडी १९५५ पासून मद्रासच्या एनफिल्ड इंडियाने आपल्याकडे बनवायला घेतली आणि शेतकऱ्याच्या, फौजदाराच्या, दूधवाल्याच्या अंगणात ती जाऊन बसली. तिचं ओतीव लोखंडाचं इंजिन आणि स्वतंत्र गिअरबॉक्स पाहून कुणालाही वाटतं की हिच्यात काय वाटेल ते करता येईल. इंजिनची प्रकृतीही या बदलाला मानवणारी आहे. जड फ्लायव्हीलमुळे ती सावकाश चढते, सावकाश उतरते, हात दांड्यावर जाऊन परत येईपर्यंत दम धरते. जावाच्या टू-स्ट्रोक इंजिनात एवढी सबुरी नसते.

अडचण गिअरबॉक्सच्या बाजूची आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, एक वर आणि तीन खाली, आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. आता डाव्या पायाखाली क्लच आणायचा म्हटलं की तिथला ब्रेक उठवून उजवीकडे न्यावा लागतो. पण मागच्या चाकाचा ब्रेक-ड्रम डाव्या अंगालाच, चेनच्या चक्रासह असतो. म्हणजे उजव्या पायाचा जोर डावीकडे पोचवायला चौकटीतून आडवा दांडा घालणं आलं. गिअरचं उलट. तो गिअरबॉक्सच्या उजव्या अंगातून बाहेर येतो. सोपा मार्ग धरून दांडा उजवीकडेच वर काढला, तर गिअर बदलताना उजवा हात मुठीवरून सुटतो. थ्रॉटल तर सुटतोच, पुढचा ब्रेकही हातचा जातो. डाव्या हाताने बदलायचं तर दुसरा आडवा दांडा घालावा लागतो. अमेरिकेच्याच इंडियन नावाच्या मोटारसायकल कंपनीने ही कोंडी तिच्या काळात वेगळ्या तऱ्हेने सोडवली होती. तिने गिअर उजव्या हाताला दिला आणि थ्रॉटल डाव्या मुठीत ठेवला. गाडी पहिल्यापासून तशी आखलेली असली तर ते शोभतं. जन्मभर उजव्या मुठीने गाडी वाढवलेल्या माणसाच्या हातून ते एका दिवसात होत नाही.

त्यानंतर येतो गिअरबॉक्सच्या आतला भाग, आणि कसबी मिस्त्रीची खरी परीक्षा तिथे लागते. पायाच्या गिअरला खटक्याची यंत्रणा असते. लिव्हर एकदा दाबली की नेमका एक गिअर बदलतो आणि लिव्हर मधल्या जागी परत येते. ब्रिटनच्या व्हेलोसेट कंपनीने १९२० च्या दशकाच्या शेवटी ही यंत्रणा शर्यतीच्या गाड्यांवर आणली आणि काही वर्षांतच तिकडे हाताचा गिअर मागे पडला. वळणावर झोकून दिलेल्या गाडीचं हँडल सोडावं लागत नाही, हे तिचं मोठं बळ. हाताच्या गिअरला हा खटका चालत नाही. तिथे प्रत्येक गिअरची आपली खाच असते आणि दांडा त्या खाचेत राहतो. दांडा कुठे आहे ते पाहिलं की गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते कळतं. म्हणून बदल नीट करायचा तर खटका काढून दांडा आतल्या गिअर फिरवणाऱ्या भागाला सरळ जोडावा लागतो, आणि टाकीजवळच्या पट्टीतल्या खाचा आतल्या गिअरच्या जागांशी तंतोतंत जुळवाव्या लागतात. खाच जराशी चुकली तर गिअर अर्धवट बसतो, ओझ्याखाली निसटतो, आणि दातऱ्यांचे कोपरे झिजत जातात. बरेच जण हे सगळं टाळून पायाच्या लिव्हरलाच लांब दांडा वेल्ड करतात. तो प्रत्येक वेळी मधे परत येतो. दिसायला हाताचा गिअर, वागायला पायाचाच.

क्लचच्या केबलचं गणितही बदलतं. हाताच्या बोटांना ओढीचा अंदाज असतो आणि बोटांचा जोर थोडा असतो. पायाचा जोर किती तरी पट जास्त आणि अंदाज कमी. पेडलला अडवणारा बोल्ट नसेल तर पाय केबल ताणून तोडतो किंवा गिअरबॉक्समधून जाणाऱ्या पुश रॉडवर नको एवढा दाब आणतो. पेडल जास्त घट्ट बसवला तर क्लच कधी पुरता लागतच नाही, गाडी सदाची हाफ क्लचवर चालते आणि प्लेटा जळतात. शिवाय आपली जमीन. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेकाठचा काळ्या मातीचा पट्टा. पावसाळ्यात तो चिखल मडगार्डमध्ये भरून चाक अडवतो, मग जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या खिळीला आणि चकत्यांना सोडेल का? चिखल वाळला की पट्टी जड होते, ऑइल गळून तिथे पोचलं की ती सैल होते. सैल पट्टी चौकात आपोआप पुढे झुकली तर काय होईल ते सांगायला नको.

आपल्याकडे हे काम करणारे हात नाहीत असं मुळीच नाही. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे आणि कापूस बाजार सुरू झाला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, आणि यंत्र उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसांची या भागाला गरज पडू लागली. आज पेरणीयंत्राचा मोडलेला भाग लेथवर नवा करून देणारा, थ्रेशरचा शाफ्ट सरळ करणारा टर्नर तालुक्याच्या गावी सापडतो. त्याच्या कसबाबद्दल मला फार आदर आहे. पण थ्रेशरचा जोड सुटला तर काम थांबतं, आणि मोटारसायकलच्या ब्रेकचा आडवा दांडा सुटला तर माणूस जातो. शिवाय जुन्या चौकटीच्या नळीवर केलेलं प्रत्येक वेल्डिंग त्या जागी पोलादाचा स्वभाव बदलतं. तिथून तडा जायला वर्षं लागतील, पण जातो.

कायदाही याच बाजूने उभा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला व्हीए अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुनर्नोंदणीची ५ हजार. मात्र गाडी मूळ रूपात हवी. चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे बदल झालेले चालत नाहीत. म्हणजे आजोबांच्या बुलेटची चौकट जुनेपणाच्या हौसेपायी कापली, तर जुनी गाडी म्हणून मिळणारा मानच धोक्यात येतो. बुलढाण्याच्या एमएच-२८ पासिंगच्या गाडीची कागदपत्रं आधीच अपुरी असतील, तर पुढची वाट आणखी बिकट.

मग हाताचा गिअर कुणासाठी? ज्याच्याकडे खरोखर युद्धकाळातली हार्ले किंवा १९२०-३० च्या दशकांतली हाताच्या गिअरची ब्रिटिश गाडी आहे, आणि मधल्या काळात कुणी तरी तिला सोयीसाठी पायाचा गिअर बसवला आहे, त्याने ती मूळ रूपात न्यावी. तिथे उलटा बदल म्हणजे दुरुस्ती आहे. आणि दुसरा, माझ्या लेखी पहिल्यापेक्षाही मोठा हक्क त्या माणसाचा आहे ज्याचा एक पाय किंवा हात काम करत नाही.

आपल्या जिल्ह्यात पोलिओने पाय गेलेली, थ्रेशरमध्ये किंवा रस्त्यावर हात-पाय गमावलेली माणसं आपण रोज पाहतो. ॲक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून ती माणसं नोकरीला जातात, दुकान चालवतात. अशा बदलांसाठी कलम ५२ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाट ठेवली आहे. अपंग व्यक्तीच्या गरजेसाठी ठरलेल्या अटी पाळून गाडीत बदल करता येतो. पाय आणि हात यांच्यात कामाची वाटणी कशी करायची, हा प्रश्न इथे जगण्याचा असतो. ज्याला जयपूर फूट बसवला आहे त्याचा घोटा स्वतः वर उचलला जात नाही, म्हणून बोटांनी गिअर वर उचलणं त्याला जड जातं. आपल्या साध्या गाड्यांना असते तशी टाच-बोटाची दुहेरी लिव्हर त्याला उपयोगी पडते, आणि डावा पाय मुळीच चालत नसेल तर हाताचा गिअर. डावा हात अधू असेल त्याने जावा किंवा येझदी आठवावी. मैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून बनवलेल्या या गाड्यांत गिअरची लिव्हर हलवली की क्लच आतल्या आत सुटतो. चालत्या गाडीत गिअर बदलताना हाताची लिव्हर दाबली नाही तरी चालतं. तीच लिव्हर आत दाबून वर फिरवली की किकचं काम करते. आणि बजाजच्या स्कूटरवर तर महाराष्ट्राची एक अख्खी पिढी डाव्या मनगटाने गिअर फिरवत मोठी झाली, रिक्षावाले अजून फिरवतात. हाताच्या गिअरची विद्या आपल्याकडे कधी संपलेलीच नाही.

ज्यांनी ठरवलंच आहे त्यांच्यासाठी थोडं. घर्षणाच्या चकत्यांचीच पट्टी घ्यावी, स्प्रिंगचा पेडल घेऊ नये. चौकटीला वेल्ड न करता पट्ट्या आवळून बसतील असे आधार लेथवर करून घ्यावेत, म्हणजे पुढे कधी गाडी मूळ रूपात आणता येईल, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा. ब्रेकचा आडवा दांडा ज्याने बनवला त्यानेच तो बसवावा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना बूश असावेत. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे, पण मलकापूर-खामगावच्या जुन्या राष्ट्रीय महामार्गावरही सुरुवातीला जाऊ नये. आधी मैदानात फक्त निघणं आणि थांबणं, निघणं आणि थांबणं, डावा पाय न सांगता टाच दाबू लागेपर्यंत. मग सपाट रस्ता, मग गावातली गर्दी. घाट सगळ्यात शेवटी, आणि पहिल्या खेपेला ट्रक-एस.टी.ची वर्दळ सुरू व्हायच्या आत, सकाळी लवकर.